योनीतले जंतू आणि दह्यातले जंतू

बडोद्यात दांडिया बाजार असो की रावपुरा, मराठी घरात एखादी ‘अंगावरून पांढरं जातंय, मासळीसारखा वास येतोय’ म्हणाली की दोन सल्ले मिळतात: दही खा, तुरटीच्या पाण्याने धू. आतून धुणे तर थांबवाच. धुतल्याने उरलेसुरले चांगले जंतूही निघून जातात.

चांगले म्हणजे मुख्यतः लॅक्टोबॅसिलस. योनीच्या पेशींतल्या ग्लायकोजेनपासून (साठवलेल्या साखरेपासून) लॅक्टिक आम्ल तयार करून ते पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप (आकडा जितका कमी तितके आंबट), ३.८ ते ४.५ राखतात. ते घटले की गार्डनेरेला आणि सोबतचे जंतू भिंतीवर चिकट थर धरतात. पीएच ४.५च्या वर जातो, वास येतो. यालाच बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. पट्टीने पीएच बघताना स्राव बाजूच्या भिंतीवरचा घ्यावा. गर्भाशयमुखाचा स्राव, वीर्य किंवा पाळीचे रक्त लागले तर आकडा खोटा वाढतो. खाज आणि दह्यासारखा घट्ट स्राव असेल, पीएच मात्र नेहमीचाच असेल, तर बहुधा बुरशी. तिचे औषध वेगळे.

या जंतूंच्या त्रासावर डॉक्टर बहुतेकदा मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. आराम पडतो, पण वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना त्रास उलटतो. कारण थर पुरता जात नाही आणि रिकाम्या जागी योग्य जंतू आपोआप येत नाहीत. लॅक्टोबॅसिलसमध्येही सगळे सारखे नाहीत: इनर्स ही जात डळमळीत, क्रिस्पॅटस भक्कम.

म्हणून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २२८ स्त्रियांना आधी मेट्रोनिडॅझोल जेल दिले. मग काहींना क्रिस्पॅटसचा सीटीव्ही-०५ हा वाण योनीत घालायला दिला, दर मात्रेत सुमारे २ अब्ज जिवंत जंतू: पहिल्या आठवड्यात चार दिवस रोज, नंतर दहा आठवडे आठवड्यातून दोनदा. बाराव्या आठवड्यापर्यंत ३० टक्के जणींना त्रास उलटला, नुसती बिनजंतूंची पूड घेणाऱ्यांत ४५ टक्के. फरक मोठा नाही, पण खरा आहे.

दह्यातले जंतू दुधात वाढायला सरावलेले. योनीत ते वस्ती करत नाहीत. दही जेवणात खुशाल खा, आत लावू नका. दुकानातल्या कॅप्सुलवर नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ छापलेले असेल, वाणाचे नाव नसेल, तर त्यातून काय मिळेल ते सांगता येत नाही. क्रमही महत्त्वाचा: क्लिंडामायसिन हे याच त्रासावरचे दुसरे औषध लॅक्टोबॅसिलसलाही मारते, म्हणून जंतू औषधाचा कोर्स संपल्यावर.

आणि नवऱ्याला विसरू नका. ऑस्ट्रेलियातल्या २०२५च्या चाचणीत जोडीदारालाही गोळ्या आणि मलम सात दिवस दिल्यावर बारा आठवड्यांत त्रास उलटण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५वर आले.