क्लार्कचा बेसिक आणि अ‍ॅनालिस्टचं पॅकेज: घोळ कुठून आला

सरकारी क्लार्क पगार सांगताना बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार सांगतो, खाजगीतला पोरगा सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च सांगतो आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून मोकळे होतो.

टाइपरायटरचा जमाना सोडूनच देतो, टायपिंगची मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची सर्टिफिकेटं घरोघरी फायलीत असतीलच. पाचव्या वेतन आयोगात केंद्राच्या एलडीसीचा, म्हणजे कनिष्ठ क्लार्कचा बेसिक ३,०५० पासून होता. सहाव्यात ५,२००-२०,२०० चा बँड आणि वर १,९०० ग्रेड पे आला, नवीन लागणाऱ्याला ७,७३० धरले. त्यालाच २.५७ ने गुणून वर राउंड केलं की सातव्याचे १९,९००, लागू १ जानेवारी २०१६ पासून. स्थळ बघायला आलेले लोक अजून हाच आकडा ऐकून नाक मुरडतात.

खाजगीत 'डेटा अ‍ॅनालिस्ट' हे नाव बरंच उशिरा रुळलं. आधी होता एमआयएस एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एक्सेलमध्ये व्हीलुकअप, पिव्होट लावून रोज सकाळी साहेबांना रिपोर्ट मेल करणारा, आणि खरं सांगायचं तर ते कामही कारकुनीच. मग एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय आलं, क्लासवाल्यांनी पॅकेजचे फ्लेक्स लावले. पण बऱ्याच ऑफिसात पाटी बदलली आणि खुर्चीवर तोच एमआयएसवाला राहिला, म्हणून एकाच पदनामाचे पगार इतके लांब-लांब दिसतात.

आता सीटीसी. यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी मेडिक्लेमचा हप्ता, मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबल पे, सगळं कोंबलेलं असतं. साडेचार लाखाचं पॅकेज म्हणून पेढे वाटले आणि पहिल्या महिन्याचा मेसेज बघून चेहरा पडला, हे मी दोन-तीन घरांत बघितलंय. हीच फूटपट्टी क्लार्कला लावून बघा. पुण्यात नवीन लागलेला केंद्राचा एलडीसी, २०२५ च्या सुरुवातीचा ५५ टक्के डीए (महागाई भत्ता) धरला तर १९,९०० वर १०,९४५, घरभाडं ३० टक्के म्हणजे ५,९७०, झाले ३६,८१५. वर सरकार एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत, बेसिक-डीएच्या १४ टक्के भरतं ते ४,३१८. वर्षाचे चार लाख नव्वद हजारांच्या वर गेले, प्रवास भत्ता अजून धरलाच नाही! पण हा आकडा सीटीसी म्हणून कोणी सांगतच नाही.

पुढे मात्र गाडी उलटी फिरते. क्लार्कची इन्क्रिमेंट वर्षाला ३ टक्के, प्रमोशन नाहीच झालं तर वरची लेव्हल १०, २०, ३० वर्षांनी. हात चांगला बसलेला अ‍ॅनालिस्ट दोन कंपन्या बदलून तेवढं अंतर चार-पाच वर्षांत कापतो, अर्थात मध्ये लेऑफ आला नाही तर. आणि पेन्शन बघून क्लार्की धरायची म्हणाल तर राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेलीच, मार्च २०२३ चा संप त्यावरूनच झाला.

जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची घोषणा झाली तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर २.५७ च्या जागी रोज नवीन फॅक्टर फिरतोय, आणि तो परत बेसिकलाच लावून दाखवतायत.