रेडिऑलॉजी आणि न्यूक्लिअर मेडिसिन: किरण नेमके कुठून निघतात?

पिवळ्या पाटीवरची तीन पात्यांची खूण मेडिकल कॉलेजला जोडलेल्या मोठ्या रुग्णालयात निदान दोन विभागांच्या दारांवर दिसते. एक दार रेडिऑलॉजीचं, दुसरं आमचं, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिनचं. नातेवाईक कागद हातात घेऊन एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरतात, इंटर्न मुलं बोन स्कॅनचा फॉर्म सीटीच्या खिडकीत टाकून मोकळी होतात, आणि लग्नात भेटलेले काका हमखास विचारतात, "म्हणजे तू सोनोग्राफीवाला ना रे?" नाही काका. सोनोग्राफी, एमआरआय, सीटी, एक्स-रे हे सगळं रेडिऑलॉजिस्टचं. त्यातल्या सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये तर एक्स-रेसारखे किरण नसतातच, तरी लोक त्यांनाही तेवढंच घाबरतात.

फरक एका प्रश्नात मावतो: किरण कुठून निघतात? एक्स-रे आणि सीटीमध्ये ते यंत्रातून निघतात, रुग्णाच्या आरपार जातात आणि पलीकडे टिपले जातात. दारावरचा लाल दिवा विझला की किरण संपले. खोलीत काही उरत नाही, रुग्णाच्या अंगातही नाही. आमच्याकडे याच्या बरोबर उलट. किरणोत्सारी अणू जोडलेलं औषध आम्ही शिरेतून देतो (कधी तोंडाने), ते आपापल्या अवयवात जाऊन बसतं, आणि किरण रुग्णाच्या अंगातून बाहेर येतात. गॅमा कॅमेरा स्वतः काहीही सोडत नाही, येणारे किरण फक्त टिपतो. तरीही माणसं त्या यंत्राखाली झोपायला कचरतात. "डॉक्टर, किती वेळ किरणं लागणार?" असं विचारणाऱ्या आजींना इंजेक्शन तीन तासांपूर्वीच दिलेलं असतं आणि तेव्हापासून त्या बाहेरच्या बाकावर शेजारणीशी गप्पा मारत बसलेल्या असतात. लाल दिवा लावायचाच तर तो त्या बाकावर लावायला हवा.

चित्रांचा अर्थही याच प्रश्नावरून बदलतो. आरपार गेलेले किरण अवयवाचा आकार, जाडी, भेग, अडथळा दाखवतात. आतून आलेले किरण तो अवयव काय करतोय ते सांगतात. लहान बाळाची सोनोग्राफी झाली आणि डावं मूत्रपिंड फुगलंय असा रिपोर्ट आला, की आई-बाप हादरतात. फुगलंय हे खरं, पण त्यातून लघवी खाली उतरतेय की अडतेय? आम्ही रिनल स्कॅन (मूत्रपिंडाचा स्कॅन) करतो, मध्येच लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सचं इंजेक्शन देतो आणि आमचं किरणोत्सारी औषध किती भरभर निथळतं ते पाहतो. दोन मूत्रपिंडांपैकी कुठलं किती टक्के काम करतं तेही कळतं. ऑपरेशन करायचं की थांबायचं हे बऱ्याचदा या आकड्यांवर ठरतं. हृदयाचंही तसंच. सीटी अँजिओग्राफी रक्तवाहिनी कुठे अरुंद झालीय ते दाखवते. त्या अरुंदपणामुळे स्नायू खरोखर उपाशी राहतोय का, हे स्ट्रेस थॅलियम, म्हणजे हृदयाला ताण देऊन केलेला आमचा स्कॅन सांगतो. (आता बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियमचं औषध वापरतात, पण फॉर्मवर नाव अजून थॅलियमच.)

हाडांच्या बाबतीत आमची थोडी मिजास असते. साध्या एक्स-रेवर हाडातला कॅन्सर दिसायला तिथलं ३० ते ५० टक्के खनिज जावं लागतं, बोन स्कॅन त्याच्या कितीतरी आधी खूण दाखवतो आणि एकाच वेळी डोक्यापासून पायापर्यंतची हाडं पाहतो. मिजास फार टिकत नाही. जुनं फ्रॅक्चर, झिजलेला गुडघा, संधिवात, सगळं स्कॅनवर कॅन्सरसारखंच काळं दिसतं. भेगेची रेघ बघायची तर सीटीकडेच जावं लागतं. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये तर हाड आतून पोखरलेलं असूनही बोन स्कॅन स्वच्छ येऊ शकतो.

मुंबईत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पेट (PET) स्कॅनचा. त्यात बहुतेकदा एफडीजी देतात, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ लावलेली साखर. जी पेशी साखर जास्त खाते ती चमकते. कॅन्सरची पेशी खाते, हे सगळ्यांना पाठ असतं. टीबीच्या गाठीही तेवढ्याच हावरटपणे खातात, हे रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. या शहरात छातीतल्या गाठी चमकल्या म्हणजे कॅन्सर असं म्हणणारा डॉक्टर माझ्या मते घाईत असतो. सुई घालून तुकडा काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. आम्ही फार तर सुई कुठल्या गाठीत घालायची ते दाखवू शकतो, आणि सीटी किंवा सोनोग्राफीवर बघत ती सुई घालणारा बहुतेक वेळा रेडिऑलॉजिस्टच असतो.

दोन्ही विभाग "उपाशी या" असं सांगतात, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते. कॉन्ट्रास्ट सीटीसाठी (म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटीसाठी) उपाशी राहायचं ते उलटी झाली तर त्रास नको म्हणून. पेटसाठी कारण वेगळं आहे. खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि साखर स्नायूंत शिरते. कल्याण स्टेशनवर खाल्लेला वडापाव सीटीवाला कदाचित माफ करेल, पेटमध्ये मात्र सगळे स्नायू उजळतात आणि गाठ त्या उजेडात हरवते. सकाळी नेहमीप्रमाणे इन्सुलिन टोचून आलेल्या मधुमेह्याचंही हेच होतं. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहा म्हणतो, तेही शिस्त लावायला नव्हे. फोनवर बोललात तर स्वरयंत्राचे स्नायू चमकतात, च्युइंग गम चघळलंत तर जबड्याचे. कॉन्ट्रास्ट सीटीआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, का विचारतात? त्या औषधाचं प्रमाण मोठं असतं आणि ते मूत्रपिंडातून जातं. आमच्या औषधाची मात्रा वजनात इतकी नगण्य असते की निदानाच्या स्कॅनसाठी तो प्रश्न सहसा येतच नाही.

आता डॉक्टरच्या दिवसाकडे येऊ. रेडिऑलॉजीच्या रेसिडेंटला, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरला, रात्र नसते. अपघात विभागातून दोन वाजता डोक्याचा सीटी येतो, त्यामागून पोटाचा. आमच्या रात्री तुलनेने शांत असतात, पण सकाळ घड्याळाच्या काट्यावर चालते, कारण आमचं औषध साठवता येत नाही. टेक्नेशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६ तास. ते मिळतं मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून, ज्याला या धंद्यातले लोक गाय म्हणतात आणि रोज सकाळी तिची धार काढतात. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, त्यामुळे सोमवारी भरभरून देणारी गाय शुक्रवारी एक तृतीयांशाच्या थोडं वर येते. शुक्रवारी कुठले रुग्ण घ्यायचे हे त्या हिशेबाने ठरतं. एफडीजीचं अर्धायुष्य तर ११० मिनिटं. ते सायक्लोट्रॉनवरून, म्हणजे किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्रावरून, गाडीने येतं. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं आणि गाडी तासभर अडकली, की डोसचा जवळजवळ तिसरा हिस्सा रस्त्यातच संपलेला असतो. मध्य रेल्वे उशिरा धावली तर तोच हिशेब रुग्णाकडून. सीटीच्या यादीतला रुग्ण तासाने आला तर फक्त यादी पुढे सरकते.

या बाबतीत मुंबईचं नशीब मात्र चांगलं. ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली, १९६३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात उभं राहिलं, आणि देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट स्कॅनर २००२ मध्ये तिथेच आला. औषधं पुरवणारं ब्रिट वाशीला, परवाने देणारं एईआरबी अणुशक्तीनगरला. दुसऱ्या एखाद्या शहरात ज्यासाठी विमानाची वाट पाहावी लागेल ते इथे खाडीपलीकडून येतं.

अंगावर पडलेले किरण मोजणारा छातीवरचा टीएलडी बॅज दोघांचाही सारखाच, आणि मर्यादाही सारखी: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बचावाच्या सवयी मात्र वेगळ्या. रेडिऑलॉजीतला शिशाचा ॲप्रन विखुरलेले एक्स-रे चांगले अडवतो. पेटच्या ५११ केईव्ही (keV) ऊर्जेच्या जोरकस किरणांपुढे तो जवळजवळ शोभेचा. तिथे हात चालवावा लागतो भरभर, सिरिंजला टंगस्टनचं कवच असतं, आणि बाकी सगळं अंतरावर. इंजेक्शन दिल्यावर आमचा रेसिडेंट चार पावलं मागे सरकून बोलतो. तो उद्धट नसतो.

उपचाराच्या बाबतीत आणखी एक तिसरा विभाग मध्ये येतो. कॅन्सरला शेक देतात, लाईट देतात, ते काम रेडिएशन ऑन्कॉलॉजीचं. नेहमीच्या शेकात किरण बाहेरच्या यंत्रातून येतात, म्हणून तो घेऊन आलेल्या माणसाच्या मांडीवर नातू खुशाल बसू शकतो. आम्ही थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडीन-१३१ प्यायला देतो, काही ट्यूमरना किरणोत्सारी ल्युटेशियम शिरेतून देतो, तेव्हा किरण आतून येतात आणि नातवाने काही दिवस लांब राहायचं असतं.

इथेच दोन विभागांतली न बोललेली गोष्ट महागात पडते. थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या बाईला कुणीतरी सहज कॉन्ट्रास्ट सीटी लिहून देतो. रेडिऑलॉजिस्ट तो नीट करतो, चित्र उत्तम येतं. पण कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन भरपूर असतं, उरलेल्या थायरॉइडच्या पेशी ते पिऊन तृप्त होतात, आणि आमचं किरणोत्सारी आयोडीन त्या घेत नाहीत. उपचार दीड-दोन महिने पुढे. तोवर ती बाई कोळीवाड्यातली असेल तर आम्ही तिला सुकट, बोंबील आणि आयोडीनचं मीठ बंद करायला सांगतो आणि ती आमच्याकडे अशी बघते की मान खाली घालावीशी वाटते. सीटीच्या फॉर्मवर "थायरॉइडचा कॅन्सर आहे का?" एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे, हे मला कधी समजलेलं नाही.

आयोडीनचा मोठा डोस घेतलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. संडास आतच, त्याचं पाणी आधी साठवणीच्या टाकीत जातं, जेवण दारापाशी, सोबत कुणी नाही. अंगातले किरण ठरलेल्या मर्यादेखाली आले की सुट्टी. घरी गेल्यावर वेगळं झोपा, गरोदर बाई आणि लहान मुलांपासून लांब राहा, दोनदा फ्लश करा, असा कागद हातात देतात. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत असतील आणि संडास गॅलरीच्या टोकाला असेल, तर या कागदाचं करायचं काय? म्हणून आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलांना मी डोस मोजण्याआधी घराची चौकशी करायला शिकवतो: खोल्या किती, माणसं किती, घरात पाळण्यातलं बाळ आहे का, गावी दुसरं घर आहे का. कधी कधी उत्तर ऐकून रुग्णाला एक दिवस जास्त ठेवून घेतो. रेडिऑलॉजिस्टला संडास कुठे आहे हे विचारायची वेळ येत नाही.

पेट-सीटीचा रिपोर्ट कुणी लिहायचा यावरून दोन विभागांत अधूनमधून कुरबूर असते, कारण यंत्र एक आणि शास्त्रं दोन. माझं मत स्पष्ट आहे: दोघांनी शेजारी बसून वाचावा. चमकणारा ठिपका मला आधी दिसतो, आणि न चमकणारी बारीक गाठ रेडिऑलॉजिस्टला. यकृतात किरणोत्सारी यिट्रियम सोडायचं असतं तेव्हा नळी तो नेतो आणि डोस मी मोजतो, तिथे कुणी भांडत नाही.

पीजीची शाखा निवडताना मुलं विचारतात, दोन्हींत तीनच वर्षं ना? हो, दोन्ही एमडी, दोन्ही तीन वर्षांच्या. पुढचं गणित मात्र वेगळं. रेडिऑलॉजिस्ट डोंबिवलीत गाळा घेऊन, पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी करून, सोनोग्राफीचं मशीन टाकून बसू शकतो आणि गरोदर बाईगणिक एफ फॉर्म भरत चांगला संसार करू शकतो. आम्हाला हॉट लॅब (किरणोत्सारी औषधं हाताळायची खोली), एईआरबीची मंजुरी, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आणि वेळेवर येणारं औषध, एवढं सगळं एका छताखाली लागतं. ते सहसा मोठ्या संस्थेतच मिळतं, त्यामुळे आमच्यातले बरेच जण नोकरीतच राहतात.