शेजाऱ्याचं फावडं की शेजाऱ्याचं चाक? जर्मनीतल्या हिवाळ्यातल्या दोन हाफ्टफ्लिश्ट

म्युनिक, स्टुटगार्ट, न्युरेंबर्गकडच्या मराठी घरांत डिसेंबर उजाडला की हा विषय निघतोच. सकाळी खाली उतरून पाहावं तर रस्त्याकडेला नीट लावलेल्या गाडीच्या दारावर लांबलचक ओरखडा, नाहीतर मागच्या बंपरला पोचा. शेजारी भला माणूस असतो. स्वतः बेल वाजवतो, माफी मागतो आणि म्हणतो, "काळजी करू नका, माझी हाफ्टफ्लिश्ट आहे." हाफ्टफ्लिश्ट म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि चहाला बसवतो. पण त्याच वेळी त्याला विचारायला हवं, की कोणती हाफ्टफ्लिश्ट? गाडीची की तुमची स्वतःची?

दोन्ही विमे दुसऱ्याचं नुकसान भरून देतात, दोन्हींचं नाव एकच, आणि पुष्कळदा ते एकाच कंपनीचे असतात. तरीही त्यांच्यामागचा कायदा वेगळा आहे. चुकीच्या खिडकीवर अर्ज दिला तर काही आठवडे पत्रापत्रीत जातात, आणि तोवर ओरखड्याखालच्या पत्र्याला रस्त्यावरचं मीठ लागून गंज चढायला लागतो.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत कुणी गाडी घासली तर बहुतेक जण आपल्याच विम्यातून दुरुस्ती करून मोकळे होतात, कारण समोरच्याकडून मालमत्तेची भरपाई मिळवायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. ती सवय घेऊन इथे आलेले लोक जर्मनीतही आधी स्वतःच्या कास्को विम्याला, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान भरणाऱ्या विम्याला, फोन लावतात. इथे उलटं आहे. नुकसान ज्यानं केलं त्याच्या हाफ्टफ्लिश्टकडे आधी जायचं, कास्को शेवटी.

आता मुख्य भेद. नुकसान शेजाऱ्याच्या गाडीमुळे झालं की त्याच्या हातून झालं, एवढंच पाहायचं. तो गाडी बाहेर काढताना बर्फावरून घसरला आणि तुमच्या गाडीवर आदळला, किंवा त्यानं आपल्या गाडीचं दार उघडलं आणि ते तुमच्या दारावर आपटलं, तर ती गाडीची हाफ्टफ्लिश्ट. तो फुटपाथवरचा बर्फ ओढत होता आणि फावड्याची कड तुमच्या गाडीला लागली, तर ती त्याची खासगी हाफ्टफ्लिश्ट. खासगी विम्याच्या करारात एक कलम असतं, ज्याला इथे बोलीत बेन्झिन-क्लाउझेल म्हणतात. मोटारगाडी वापरताना झालेलं नुकसान या विम्यातून मिळणार नाही, असं ते कलम सांगतं. दोन्ही विम्यांनी मिळून एकाच नुकसानीचे पैसे दोनदा देऊ नयेत आणि मधल्या फटीत कुणी अडकूही नये, म्हणून ही सीमारेषा.

गाडीच्या हाफ्टफ्लिश्टची ताकद बऱ्याच जणांना माहीत नसते. शेजारी म्हणतो, "रात्री पाऊस पडून काच झाली होती रस्त्याची, मी पायी चालण्याच्या वेगानं जात होतो, माझी काय चूक?" त्याचं म्हणणं अगदी खरं असू शकतं. पण रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम 7 नुसार गाडी चालण्यातून जो धोका निर्माण होतो त्याची जबाबदारी गाडीच्या मालकावर येते, मग त्याची चूक असो वा नसो. सुटका होते ती फक्त दैवी आपत्तीसारख्या प्रसंगात, आणि जानेवारीतला निसरडा रस्ता त्यात बसत नाही. तुमची गाडी नियमाप्रमाणे उभी असेल तर तुमच्या वाट्याला सहसा काहीच दोष येत नाही. त्यामुळे तो किती वेगात होता, त्याचे टायर हिवाळी होते की नाही, यावर शेजाऱ्याशी हुज्जत घालण्याचं कारण नाही. हिवाळी टायरशिवाय बर्फात गाडी चालवल्याचा 60 युरोंचा दंड आणि वाहनचालकाच्या नोंदीत चढणारा एक पॉइंट हा त्याचा आणि पोलिसांचा मामला. तुमची भरपाई त्यावर अडत नाही.

खासगी हाफ्टफ्लिश्टमध्ये मात्र चूक हाच पाया आहे. नागरी संहितेचं कलम 823 म्हणतं, की जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणानं नुकसान केलं तर भरून द्यावं लागेल. हलगर्जीपणा दाखवता आला नाही तर विमाही नाही. फावडं गाडीला घासलं यात तो दिसतोच, तिथे सहसा वाद होत नाही. पण शेजाऱ्याचा कचऱ्याचा डबा वादळात घरंगळत येऊन तुमच्या गाडीवर आपटला, तर? डबा नेहमीच्या जागी नीट ठेवलेला असेल तर शेजाऱ्याची चूक सिद्ध करणं अवघड, आणि कंपनी नकार देईल. त्या नकारात शेजाऱ्याची लबाडी शोधू नये. वाजवी मागणीचे पैसे देणं आणि गैरवाजवी मागणी परतवून लावणं, ही दोन्ही कामं त्या विम्याचीच आहेत. शेजारी मनापासून म्हणत असतो की पैसे मिळायला हवेत, आणि तरी कंपनीचं पत्र नकाराचं येतं. (वारा आठव्या श्रेणीचा किंवा त्याहून जोराचा असेल तर अशा वेळी तुमचा टाइलकास्को, म्हणजे वादळासारखी ठराविक कारणंच धरणारा मर्यादित कास्को, कामी येतो, आणि त्यानं तुमचा हप्ता वरच्या पायरीला जात नाही.)

मागणी कुणाकडे करायची, यातही फरक आहे. गाडीच्या बाबतीत कायदा तुम्हाला थेट विमा कंपनीवर हक्क देतो. शेजाऱ्याला कंपनीचं नाव आठवत नसलं तरी अडत नाही. नंबर प्लेट, तारीख आणि जागा सांगितली की त्सेंट्राल-रूफ नावाची विमा कंपन्यांची सामाईक दूरध्वनी सेवा कंपनी शोधून देते. खासगी विम्यात असा थेट हक्क सर्वसाधारणपणे नाही. तुमची मागणी शेजाऱ्यावर, आणि शेजाऱ्याची त्याच्या कंपनीवर. म्हणून पत्र शेजाऱ्याच्या नावे लिहायचं आणि त्यानं ते पुढे पाठवायचं. शिवाय गाडीचा विमा सक्तीचा आहे, खासगी नाही. बहुतेक घरांत तो असतो, पण नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याकडे नसूही शकतो. तसं असेल तर भरपाई त्याच्या खिशातून, आणि खिसा रिकामा असेल तर अखेर तुमचा फोलकास्को, म्हणजे पूर्ण कास्को, ज्यात तुमची स्वतःची सवलत घसरते आणि ठरलेली रक्कम पदरची जाते.

सीमेवरच्या गोष्टी खऱ्या गोंधळाच्या. बर्फ उडवणारं मशीन घ्या. त्याला इंजिन असतं, चाकं असतात, पेट्रोल लागतं, म्हणून ती गाडीच असं वाटतं. पण मागून चालत ढकलायची ही मशीनं इतकी हळू जातात की त्यांना कलम 7 लागू होत नाही, कारण ताशी 20 किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं जाऊच न शकणारी वाहनं त्यातून वगळलेली आहेत. अशी मशीनं सहसा खासगी विम्यात धरलेली असतात. म्हणजे त्या मशीननं बर्फाबरोबर खडी उडवून तुमची काच फोडली, तर विमा खासगी आणि चूक दाखवणं आलं.

लहान मुलांचं प्रकरण नाजूक. घसरगाडीवरून उतारानं आलेलं शेजारचं मूल तुमच्या गाडीवर आपटलं आणि ते सात वर्षांखालचं असेल, तर कायद्यानं ते जबाबदारच नाही. आईवडिलांवर जबाबदारी येते ती फक्त त्यांनी लक्ष ठेवण्यात कसूर केली असेल तर. म्हणजे कुणीच देणं लागत नाही अशी परिस्थिती सहज येते. काही खासगी करारांत मात्र अशा मुलांनी केलेलं नुकसानही भरून देण्याची खास सोय असते, तेव्हा शेजाऱ्याला करार पाहायला सांगण्यात गैर काही नाही. मोटारींच्या अपघातात ही सूट दहा वर्षांपर्यंत वाढते, पण उभ्या गाडीला धडकलेल्या मुलाला ती वाढीव सूट सहसा मिळत नाही, असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं 2004 मध्ये स्पष्ट केलं. रस्त्यावरच्या वेगाचा अंदाज मुलांना येत नाही म्हणून ती सूट दिलेली आहे, आणि उभ्या गाडीला वेगच नसतो. मला हा निकाल फार समंजस वाटतो.

आणि मदतीच्या भरात झालेलं नुकसान? तुम्ही महिनाभर भारतात होता आणि शेजारच्या आजोबांनी न सांगता तुमच्या गाडीवरचा बर्फ झाडून दिला, पण कडक ब्रशनं बॉनेटभर ओरखडे उठले. इथे आपण संकोचतो. चांगुलपणानं केलेल्या कामाचे पैसे कसे मागायचे? कायद्यातही असा विचार आहे, की उपकार म्हणून केलेल्या कामात साध्या चुकीची जबाबदारी दोघांनी अबोलपणे माफ केलेली असू शकते. पण 2016 मध्ये त्याच न्यायालयानं, शेजाऱ्याच्या बागेला पाणी घालताना झालेल्या नुकसानीच्या खटल्यात, मदत करणाऱ्याचा विमा असेल तर अशी माफी सहसा गृहीत धरता येणार नाही, असं म्हटलं. त्यामुळे आजोबांचा विमा असेल तर त्यांच्याकडून कंपनीला कळवून घ्या. त्यांच्या पेन्शनमधून काही जात नाही, आणि खासगी हाफ्टफ्लिश्टमध्ये दाव्यामुळे हप्त्याची पायरी चढण्याची पद्धतही नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते अशा जागी आठवावं. विमा नसेल तर मात्र मी त्या ओरखड्यांकडे कानाडोळा करीन.

गाडीच्या हाफ्टफ्लिश्टमध्ये हप्त्याचं गणित वेगळं, आणि तिथूनच "विमा कशाला, आपसांत मिटवू" हा प्रस्ताव येतो. इथे अपघातविरहित वर्षं जशी वाढतात तशी सवलत वाढते, आणि एका दाव्यानं ती काही पायऱ्या खाली येते. म्हणून शेजारी 300 युरो हातावर ठेवायला तयार होतो. त्याचं चुकत नाही, पण वर्कशॉपचा अंदाज हातात येण्याआधी रक्कम ठरवू नका. आजकालच्या बंपरमागे पार्किंगचे सेन्सर असतात. बाहेरून नुसता पोचा दिसतो आणि आत बसवणीच तुटलेली निघते. त्याला एक मार्ग सुचवा. दावा कंपनीकडे जाऊ द्या, कंपनीनं पैसे दिल्यानंतर ठराविक मुदतीत ती रक्कम कंपनीला परत करून त्याला आपली सवलत वाचवता येते. बऱ्याच कंपन्या ही मुभा देतात. यात तुमचं नुकसान पूर्ण भरलं जातं आणि शेजाऱ्याचा निर्णय शेजाऱ्याकडे राहतो.

किती पैसे मिळतात हे दोन्हीकडे एकाच नियमानं ठरतं, म्हणून त्यावर थोडक्यात. दुरुस्तीचा वाजवी खर्च मिळतो. दुरुस्ती न करता अंदाजपत्रकावर पैसे घेतले तर त्यातला विक्रीकर वजा होतो. किरकोळ ओरखड्याला वर्कशॉपचं अंदाजपत्रक पुरतं. नुकसान मोठं असेल तर तुम्ही निवडलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाचं शुल्कही समोरच्यानं द्यायचं असतं. कंपनी आपला तज्ज्ञ पाठवते म्हणाली तरी तुमचा निवडण्याचा हक्क सोडू नका.

शेजारी भेटलाच नाही आणि वायपरखाली चिठ्ठी सापडली, तर गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, आणि ती तुम्ही स्वतः कुणाची गाडी घासलीत तर जास्तच. जर्मनीत चिठ्ठी ठेवून निघून जाणं पुरेसं नाही. वाजवी वेळ थांबायचं, मालक आला नाही तर विनाविलंब पोलिसांना कळवायचं. नाहीतर दंडसंहितेच्या कलम 142 खाली तो पळून जाण्याचा गुन्हा ठरतो, ज्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे. पार्किंगमधल्या लहान नुकसानीत 24 तासांच्या आत स्वतःहून कळवलं तर न्यायालय शिक्षा कमी किंवा माफ करू शकतं. चिठ्ठी ठेवणाऱ्या शेजाऱ्याला बहुधा हे ठाऊक नसतं. प्रामाणिक माणसाला उगाच पोलिसांत ओढण्यापेक्षा लगेच फोन करून नाव, पत्ता, नंबर आणि प्रसंग लिहून घ्यावा, दोघांनी सह्या कराव्यात, आणि बर्फ वितळण्याआधी, चाकांच्या खुणांसकट फोटो काढावेत.

छपरावरून घसरलेल्या बर्फानं टप चेपला तर यातली कुठलीच हाफ्टफ्लिश्ट आपोआप लागू होत नाही. तिथे सहसा घरमालकाचा वेगळा विमा असतो, आणि त्यानं बर्फ अडवणारी जाळी लावायला हवी होती का, हे त्या भागात किती बर्फ पडतो, छपराचा उतार किती आहे आणि गावाचा नियम काय सांगतो यावर ठरतं. पुष्कळदा न्यायालयं गाडीवाल्यालाच विचारतात, की वर लोंबणारा बर्फ दिसत असताना खाली गाडी का लावली. आणि गाडी लीजवर असेल, तर कोणताही विमा असो, दुरुस्तीला टाकण्याआधी लीज कंपनीला लेखी कळवा. गाडी त्यांच्या मालकीची आहे, आणि कुठे दुरुस्त करायची याची अट करारातच लिहिलेली असते.