पंचायत-पालिकेतल्या कर्मचाऱ्याने भ्रष्टाचाराची तक्रार कुठे, कशी करायची. आणि बदली, मेमो, निलंबन आलं तर काय (बेळगाव सीमाभागासाठी)

ग्रामपंचायतीतला बिल कलेक्टर, पालिकेतला कनिष्ठ अभियंता, तालुका पंचायतीतला क्लार्क. यांच्यापैकी कुणी बोगस बिलाविरुद्ध कर्नाटक लोकायुक्तांकडे तक्रार करतो आणि काही महिन्यांनी ती निकाली काढल्याचं कन्नडमधलं पत्र येतं. असे परत आलेले अर्ज वाचायला घेतले की बहुतेकांची ठेवण सारखीच दिसते. पहिल्या पानावर बोगस बिल, आणि पुढची चार पानं ‘त्यानंतर साहेबांनी माझी बदली केली, पगार अडवला, मेमोवर मेमो दिले’. लिहिणाऱ्याचं मन त्या चार पानांत असतं, ते साहजिकच आहे. पण अर्ज बुडतो तो त्या चार पानांमुळेच.

कर्नाटक लोकायुक्त कायदा १९८४ चा आहे. त्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत: आरोप आणि गाऱ्हाणं. अधिकाऱ्याने लाच घेतली, पदाचा गैरवापर केला, खोटं बिल काढलं, हा आरोप. माझ्यावर अन्याय झाला, हे गाऱ्हाणं. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत काही विषय गाऱ्हाण्यातून वगळले आहेत. नेमणूक, पगार, शिस्तभंग, नोकरीतून काढणं आणि सेवेच्या इतर अटी त्यातच येतात. म्हणजे बदलीची दाद लोकायुक्तांकडे मागताच येत नाही. अपवाद निवृत्तीनंतरच्या पेन्शन, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंडाच्या दाव्यांचा. सूड म्हणून कुणी पेन्शनची फाइल दाबून ठेवली असेल, तर ते गाऱ्हाणं तिथे चालतं.

म्हणून कागद दोन करा. बोगस बिलाचा एक, त्यात स्वतःच्या बदलीबद्दल अवाक्षर नको. बदली-मेमोचा दुसरा, तो वेगळ्या ठिकाणी जातो. त्याबद्दल पुढे येतंच. ‘पण साहेब, सगळी हकीकत एकत्र सांगितल्याशिवाय कळणार कसं?’ असं प्रत्येक जण विचारतो. तिथे बसलेल्याला हकीकत कळते हो, पण अधिकार नसलेल्या गोष्टीवर तो काही करू शकत नाही, आणि त्या घोळात आरोपाचाही निकाल लागून जातो.

या कायद्यांचं नाव अर्जात घालू नका

‘व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा २०१४ अन्वये मला संरक्षण मिळावे’ हे वाक्य हल्ली प्रत्येक अर्जात असतं. व्हिसलब्लोअर म्हणजे गैरव्यवहार उघड करणारा. संसदेने कायदा केला, ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची सहीही झाली. मात्र तो लागू करणारी अधिसूचना सरकारने आजवर काढलेली नाही. सूड घेतला तर कर्मचाऱ्याला पूर्वीच्या जागी आणण्याचा हुकूम देण्याची तरतूद त्यात आहे, म्हणून तर लोक त्याच्यावर भिस्त ठेवतात. पण लागूच नसलेल्या कायद्याचा आधार घेतलेला अर्ज समोरच्याच्या हातात आयतं कोलीत देतो.

दुसरा घोळ केवळ आपल्या भागातला. मराठीत जी माहिती सापडते, जे व्हिडिओ फिरतात, ते महाराष्ट्राचे असतात. तिथल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर निपाणीच्या किंवा खानापूरच्या कर्मचाऱ्याच्या कामाचा नाही. कर्नाटकात २०१६ साली लाचलुचपतीसाठी एसीबी (अँटी करप्शन ब्युरो) वेगळी काढली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि काम पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडे आलं. जुन्या फलकावर एसीबी लिहिलेलं दिसलं तर तिकडे वेळ घालवू नका.

तिसरा घोळ दिल्लीचा. केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करण्याची सोय आहे, ती २१ एप्रिल २००४ च्या केंद्राच्या ठरावाने झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला गैरव्यवहार कळवला होता, नाव गुप्त ठेवण्याची विनंती करूनही ते फुटलं, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर हा ठराव आला. पण तो फक्त केंद्र सरकार आणि केंद्राच्या ताब्यातल्या संस्थांपुरता आहे. ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत, महानगरपालिका राज्याच्या, त्यामुळे तिथून गेलेला लिफाफा दिल्लीत कुणी विचारात घेत नाही.

बेळगावात मात्र एक स्थानिक संस्था या ठरावात बसते, आणि ती गोष्ट तिथल्या कर्मचाऱ्यांनाही सहसा माहीत नसते: कॅम्पातलं कॅन्टोन्मेंट बोर्ड. ते संरक्षण मंत्रालयाखाली येतं. तिथल्या गैरव्यवहाराची तक्रार बंद लिफाफ्यात, वर ‘पीआयडीपीआय’ (या ठरावाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) असं ठळक लिहून, आयोगाच्या सचिवांच्या नावे नवी दिल्लीच्या सतर्कता भवनात टपालाने पाठवायची. ईमेलने किंवा पोर्टलवर टाकलीत तर नाव गुप्त राहण्याची हमी गेली. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. अशा लिफाफ्यावर नावाचा आग्रह धरू नये असं टपाल खात्याचं परिपत्रक आहे, काउंटरवर हुज्जत घातली तर तेच सांगा. नाव-पत्ता आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी द्यायचाच, निनावी पत्र चालत नाही. मजकुरात मात्र ‘मी अमुक टेबलावर काम करतो’ असली ओळख पटवणारी वाक्यं नकोत. पोच येत नाही, तर घाबरू नका. आणि एकही प्रत दुसऱ्या कुणाला पाठवू नका. ‘प्रत माहितीसाठी: मुख्यमंत्री, राज्यपाल, सर्व वृत्तपत्रे’ हा आपल्याकडचा जुना रोग आहे. दहा जणांना गेलेल्या पत्रातलं नाव आयोग कसं झाकणार?

लोकायुक्तांचा अर्ज

राज्याच्या बाकी सगळ्या स्थानिक संस्थांसाठी हाच रस्ता. फॉर्म नंबर १ म्हणजे तक्रार, फॉर्म नंबर २ म्हणजे प्रतिज्ञापत्र. दोन्ही लोकायुक्तांच्या संकेतस्थळावर आणि कार्यालयात मिळतात. बेंगळूरुच्या एम. एस. बिल्डिंगमध्ये स्पीड पोस्टने पाठवता येतात. फी नाही. मंत्री-आमदार सोडून खालच्या अधिकाऱ्यांच्या तक्रारी उपलोकायुक्तांकडे जातात, ती वाटणी कार्यालयच करतं, त्याची काळजी तुम्ही करू नका.

प्रतिज्ञापत्राविना आलेली तक्रार नुसतं पत्र ठरते. आणि इथेच मराठी माणूस अडकतो. कोर्टाच्या आवारात टायपिंगवाला कन्नडमध्ये मजकूर करून देतो, अर्जदार न वाचता सही ठोकतो, आणि पुढे चौकशीत ‘तुम्ही तर लिहिलंय की रक्कम तुमच्यासमोर दिली’ असं विचारलं की तोंड बघत बसतो. ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी लिहिली गेलेली असते. जाणूनबुजून खोटी तक्रार करणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तेव्हा आधी मराठीत नीट लिहा, मग भाषांतर करून घ्या, आणि मजकूर मराठीत समजावून सांगितल्याची नोंद नोटरीकडून प्रतिज्ञापत्रावर करून घ्या. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क आहे, आणि मराठीत अर्ज दिला म्हणून कुणी हाकलू नये. तरीही सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा. हक्काची लढाई वेगळी लढा, ती या फाइलीवर लढू नका.

मुदत. आरोपासाठी पाच वर्षं, पण ती घटना घडल्या तारखेपासून मोजतात. गाऱ्हाण्यासाठी सहा महिने, ते मात्र तुम्हाला कळल्या तारखेपासून. लोक नेमकी उलटापालट करतात. ‘मला गेल्या वर्षी ऑडिटमध्ये कळलं’ म्हणून सहा-सात वर्षांपूर्वीच्या गटाराच्या कामाची तक्रार देतात, आणि ती मुदतीच्या मुद्द्यावरच उडते.

आता कागद. सगळ्यांना वाटतं पुराव्याची आख्खी फाइल झेरॉक्स करून जोडली की काम भक्कम. कर्मचाऱ्याने असं केलं की पहिला मेमो त्याच फाइलीचा येतो: कार्यालयीन कागद परवानगीशिवाय बाहेर दिले. सेवा वर्तणूक नियमांत ते बसतं. कागदापेक्षा कागदाचा पत्ता द्या. कामाचं नाव, वर्ष, व्हाउचर नंबर, मेजरमेंट बुकचा (कामाच्या मोजमापाच्या वहीचा) नंबर आणि पान, उद्योग खात्रीचं (रोजगार हमीचं) काम असेल तर हजेरीपटाचा नंबर, ई-स्वत्तुचं (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचं) प्रकरण असेल तर फॉर्म ९ आणि ११ कुठल्या मिळकतीचे, कुठल्या तारखेचे. कागद मागवून घेण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार लोकायुक्तांना आहेत. मूळ दप्तर ते ताब्यात घेऊ शकतात, तुमच्या झेरॉक्सला तेवढं वजन नाही.

प्रत हवीच असेल तर माहिती अधिकारात मागा, कर्मचारी असलात तरी नागरिक आहातच. कर्नाटकात फी १० रुपये. पण इथल्या नियमांत एक खोच आहे: एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. महाराष्ट्रातल्या नमुन्यावरून लिहिलेला दोन पानी अर्ज त्यामुळेच नाकारला जातो. आणि हेही लक्षात असू द्या की माहितीच्या अर्जावरचं नाव कार्यालयात सर्वांना दिसतं. तक्रारीच्या आधी आठ दिवस त्याच कामाची माहिती मागितली, तर मग गुप्ततेची अपेक्षा कसली?

गुप्ततेचं म्हणाल, तर लोकायुक्तांच्या प्रक्रियेत ती फारशी नाही. प्राथमिक चौकशीनंतर पुढची चौकशी ठरली की तक्रारीची प्रत संबंधित अधिकाऱ्याला आणि त्याच्या वरिष्ठांना पाठवली जाते, कायद्याच्या नवव्या कलमातच तसं आहे. म्हणजे नाव कळणारच, हे धरूनच चाला.

सूड सुरू झाल्यावर

तक्रारीची स्पीड पोस्टची पावती आणि आवक नंबर घरी ठेवा, ऑफिसच्या कपाटात नव्हे. पुढे ‘तक्रार अमुक तारखेची, मेमो त्यानंतर बारा दिवसांनी’ हे दाखवणं हाच तुमचा मुख्य आधार. मेमो किंवा नोटीस कन्नडमध्ये असेल आणि समोर बसवून सही मागितली, तर ‘प्रत मिळाली, वाचून उत्तर देईन’ एवढंच लिहून तारीख घाला. नकार देऊ नका; नकाराचा पंचनामा होतो, तो पुढे महागात पडतो. उत्तर मुदतीत द्या, त्यात साहेबांचा भ्रष्टाचार नको, विचारलेल्या मुद्द्यांचंच उत्तर.

बदलीचा हुकूम आला की लोक रजा टाकून घरी बसतात. हे करू नका. हजर व्हा, ‘हरकत राखून’ असं लिहून हजर व्हा, आणि मग दाद मागा. विनापरवाना गैरहजेरी हा स्वतंत्र आरोप होतो आणि तो सिद्ध करायला त्यांना काहीच कष्ट पडत नाहीत.

दाद कुठे, हे तुम्ही कुणाचे नोकर त्यावर ठरतं. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), पंचायत सचिव, राज्य सेवेतले अभियंते यांच्यासाठी कर्नाटक राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ बेळगावातच आहे, बेंगळूरुला धावायला नको. पंचायतीने ठराव करून नेमलेला वॉटरमन किंवा बिल कलेक्टर तिथे जाऊ शकत नाही. त्याने आधी पंचायतराज कायद्याखालचं वरच्या अधिकाऱ्याकडचं अपील करायचं, शेवटी उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. ठेकेदार एजन्सीमार्फत लागलेला सफाई कर्मचारी कामगार खात्याकडे. सगळ्यात दुबळी बाजू त्याचीच: त्याला बदलीचा हुकूमही येत नाही, उद्यापासून येऊ नको एवढंच सांगतात. त्याने हजेरीचे फोटो, बँकेत जमा पगाराच्या नोंदी, पीएफचा नंबर आधीच जपून ठेवावा.

न्यायाधिकरणाची मुदत अंतिम हुकमापासून एक वर्ष. नियमाप्रमाणे अपील केलं असेल आणि उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट पाहायची आणि तिथून पुढे एक वर्ष. लोक काय करतात, तर दर दोन महिन्यांनी नवं विनंतीपत्र देतात आणि समजतात की मुदत नव्याने सुरू झाली. होत नाही. नियमात नसलेली विनंतीपत्रं कितीही दिली तरी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय. ‘सीईओ साहेबांनी बघतो म्हटलंय’ या भरवशावर वर्ष घालवलेली माणसं कमी नाहीत.

मारहाणीची धमकी असेल तर प्रकार वेगळा. आधी पोलिसांत लेखी तक्रार. लाचेचा गुन्हा नोंद होऊन तुम्ही साक्षीदार झाला असाल, तर साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खाली अर्ज करता येतो; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती देशभर लागू केली. निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते, अर्ज त्या समितीच्या सदस्य सचिवांकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या सरकारी अभियोग विभागाच्या प्रमुखाकडे द्यायचा. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं असतं, ते संपण्याआधी पुन्हा मागावं लागतं.

तक्रार टिकली, लोकायुक्तांचा अहवाल सरकारकडे गेला, तर बऱ्याचदा खातेनिहाय चौकशीही लोकायुक्तांकडेच सोपवली जाते, आणि त्यात तक्रारदार हाच पहिला साक्षीदार असतो. हे दोन-तीन वर्षांनीही होऊ शकतं. तोवर तुमची बदली अथणीला किंवा रामदुर्गला झालेली असते आणि साक्षीचं बोलावणं जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावर जातं. साक्षीदार आला नाही एवढ्यावर अधिकारी सुटतो. बदली झाली की नवा पत्ता आणि मोबाइल नंबर तक्रारीचा नंबर घालून लोकायुक्त कार्यालयाला लगेच लेखी कळवा, आणि त्याचीही पावती ठेवा.