तुर्कस्तानात वरदी आणि पुरुषपण यांची सांगड कशी पडली

‘प्रत्येक तुर्क जन्मतःच सैनिक असतो’ ही घोषणा तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आल्या आहेत. इतिहास मात्र वेगळंच सांगतो. 1826 मध्ये उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याचा सुलतान दुसऱ्या महमूदने जानिसारींची, म्हणजे सुलतानाच्या जुन्या कायम पायदळाची, फौज मोडली आणि 1840 च्या दशकात चिठ्ठ्या टाकून सक्तीची भरती सुरू झाली, तेव्हा अनातोलियाच्या (तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाच्या) खेड्यांना ती संकटच वाटली. येमेनला पाठवलेल्या पोरांची विलापगीतं आजही गायली जातात. बिगरमुस्लिमांना तर 1909 पर्यंत पैसे भरून सुटका मिळे.

अख्खं राष्ट्रच सैन्य असावं, हा विचार 1883 मध्ये आलेल्या फॉन डेर गोल्त्स या जर्मन अधिकाऱ्याने उस्मानी लष्करी शाळांत रुजवला. पुढे तुर्की प्रजासत्ताक स्थापन करणाऱ्या मुस्तफा केमालची (अतातुर्क) पिढी त्याच शाळांतून घडली. 1927 च्या 1111 क्रमांकाच्या कायद्याने प्रत्येक पुरुष नागरिकाला लष्करी सेवा बंधनकारक झाली. शाळांत लष्कराचा विषय थेट अधिकारी येऊन शिकवत. तो बंद झाला 2012 मध्ये.

कायद्याला घराघरांतून बळ मिळालं. सेवा न केलेल्याला मुलगी द्यायला लोक कचरत, नोकरीच्या जाहिरातीत ‘सेवा पूर्ण केलेली असावी’ अशी अट असे. भरतीला निघालेल्या मुलाच्या हाताला मेंदी लावतात, ढोल आणि झुर्ना (सनईसारखं वाद्य) वाजवत त्याला बसस्थानकापर्यंत नेतात. 1984 पासून कुर्दी बंडखोरांशी लढाई पेटली आणि यातल्या काहींच्या शवपेट्या झेंड्यात गुंडाळून परत येऊ लागल्या.

खरी क्रूरता दिसते ती सूट मागणाऱ्याच्या वाट्याला. समलैंगिक पुरुष सेवेस अपात्र, पण ते त्यानेच सिद्ध करावं लागे. डॉक्टरांच्या मंडळाने खाजगी छायाचित्रं मागितल्याचे प्रकार मानवी हक्क संघटनांनी नोंदवले आहेत. मिळणाऱ्या दाखल्याला लोक ‘सडका’ म्हणतात, आणि तो नोकरीच्या आड येतो.

नैतिक कारणाने नकार देणाऱ्याला तर सुटकाच नाही. उस्मान मुरात उल्के यांनी 1995 मध्ये भरतीची कागदपत्रं जाळली. प्रत्येक शिक्षेनंतर त्यांना पुन्हा पलटणीत नेत. ते वरदी नाकारत आणि तो नवा गुन्हा ठरे. 2006 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने याला ‘नागरी मृत्यू’ म्हटलं. तरीही लष्करी सेवेपासून लोकांना परावृत्त करणं दंडसंहितेच्या कलम 318 खाली आजही गुन्हा आहे.

2019 च्या नव्या कायद्याने सेवा सहा महिन्यांवर आली. ठरावीक रक्कम भरणाऱ्याला महिनाभराचं प्रशिक्षण पुरतं. ऐपत नसलेल्या घरातला मुलगा मात्र पूर्ण मुदत भरतो. पर्यायी नागरी सेवेची तरतूद याही कायद्यात नाही.