ओहायोच्या घटनेत कॅसिनोचे प्लॉट नंबर कसे घुसले

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नागरिकांना सह्या गोळा करून राज्याच्या स्वतःच्या घटनेतली दुरुस्ती थेट मतदानाला टाकता येते, आपल्याकडे अशी सोयच नाही. हा हक्क तिथल्या लोकांना 1912 मध्ये मिळाला. त्या वेळी आमदार बड्या कंपन्यांच्या खिशात असायचे, म्हणून लोकांच्या हातात काहीतरी असावं यासाठी सिनसिनाटीचे पाद्री हर्बर्ट बिगेलो यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं भांडली होती. पुढे त्याच हक्काचं काय झालं ते वाचून खरंच वाईट वाटतं.

कॅसिनोला ओहायोच्या मतदारांनी 1990, 1996, 2006 आणि 2008 अशा चार वेळा नाही म्हटलं. 2008 चा प्रस्ताव विल्मिंग्टनजवळच्या एकाच कॅसिनोचा होता आणि त्याच्या विरोधात पैसा ओतला पेन नॅशनल कंपनीने, कारण शेजारच्या इंडियानात लॉरेन्सबर्गला त्यांचा स्वतःचा कॅसिनो होता आणि तिथलं गिऱ्हाईक तुटलं असतं. वर्षभरात हीच कंपनी क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स या बास्केटबॉल संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांना सोबत घेऊन स्वतःचा प्रस्ताव घेऊन आली. मंदी होती, नोकऱ्या जात होत्या, लोक म्हणाले येऊ दे, आणि नोव्हेंबर 2009 मध्ये साधारण 53 टक्के मतं मिळून तो पास झाला.

चार शहरं, चार कॅसिनो. त्या वेळी क्लीव्हलँड आणि सिनसिनाटी गिल्बर्ट यांच्याकडे गेले, कोलंबस आणि टोलिडो पेन नॅशनलकडे. टॅक्स 33 टक्के. पण खरी मेख म्हणजे जागासुद्धा घटनेतच लिहिल्या, सातबाऱ्यावर गट नंबर असतो तसे थेट प्लॉट नंबर टाकून, म्हणजे दुसऱ्या कुणाला कितीही चांगली ऑफर द्यायची असली तरी दार बंद. बरं, कोलंबसचा कॅसिनो शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात, जुन्या डेल्फी कारखान्याच्या जागेवर हलवायचा होता तर त्यासाठी मे 2010 मध्ये अख्ख्या राज्याला परत मतदान करावं लागलं! एका जागेसाठी घटनादुरुस्ती.

हा मार्ग चालतो हे दिसल्यावर इतरांनी तो उचलणारच. 2015 मध्ये एका गटाने गांजाला परवानगी मागितली, पण व्यापारी लागवड फक्त ठरलेल्या 10 जागांवर, आणि त्या जागा गुंतवणूकदारांच्या. तेव्हा कुठे विधिमंडळ जागं झालं आणि त्यांनी मक्तेदारीविरोधी दुरुस्ती त्याच मतपत्रिकेवर आणली. गांजाचा प्रस्ताव आपटला, ही दुरुस्ती थोडक्यात पास झाली. आता नागरिकांच्या प्रस्तावातून कुणाला मक्तेदारी मिळतेय असं बॅलट बोर्डाला, म्हणजे मतपत्रिकेवर प्रस्ताव कसा मांडायचा ते ठरवणाऱ्या राज्याच्या मंडळाला वाटलं तर मतदारांना दोन प्रश्न विचारायचे, आधी अशी खास सवलत द्यायची का आणि मग मूळ प्रस्ताव, दोन्हीला हो आलं तरच पुढे.

माझ्या मते यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट ही की आधीच्या चार कॅसिनोंना या दुरुस्तीने हातही लावला नाही. ते घटनेत बसले ते बसलेच, आणि उद्या कुणी पाचव्या कॅसिनोसाठी स्वतःची जागा लिहून सह्या गोळा करायला निघाला तर दोन प्रश्नांची अट त्याच्यासमोर येऊ शकते.