बेळगावच्या किल्ल्याचा तट आणि दूरचा समुद्र

बेळगावला समुद्र नाही. तरी इथल्या किल्ल्याला पडलेला सगळ्यात गाजलेला वेढा समुद्रापायी, नेमकं सांगायचं तर गोव्याच्या बंदरापायी पडला. किल्ला तलावाच्या कडेने रोज ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

किल्ल्याची सुरुवात रट्ट राजांच्या काळातली मानतात. सौंदत्तीची ही मंडळी वेणुग्रामला, म्हणजे बेळगावला आली. चौथ्या कार्तवीर्याचा अधिकारी बीचिराज याने इथे जिनालय उभारल्याचं १२०४ चा कन्नड शिलालेख सांगतो. आतली कमल बस्ती ती हीच. (शिलालेख मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!) हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, कडा नाही. त्यामुळे सगळी भिस्त खोल खंदकावर आणि त्यातल्या पाण्यावर.

रट्टांनंतर देवगिरीचे यादव आले, मग विजयनगर. १४७२ मध्ये बहमनी वजीर महमूद गवानने गोवा घेतला आणि विजयनगरचं मोठं बंदर गेलं. घोड्यांचा व्यापार त्याच वाटेने चाले, म्हणून विजयनगरच्या इशाऱ्यावर बेळगावच्या राजाने गोवा परत घेण्याची खटपट सुरू केली. घाट चढून देशावर आलं की बेळगाव लागतं. ते हाती नसेल तर गोवा टिकत नाही, हे गवान पुरता ओळखून होता. बहमनी सुलतान तिसरा मुहम्मदशहा स्वतः फौज घेऊन चालून आला.

पुढची हकीकत फारसी इतिहासकार फिरिश्ता याने लिहिली आहे. बहमनी सैन्याने दिवसा लाकडं आणि माती टाकून खंदक बुजवायचा आणि आतल्या लोकांनी रात्री तो भराव उपसून टाकायचा. शेवटी गवानने तटाखाली सुरुंग लावले. दख्खनमध्ये तोवर सुरुंग कुणी पाहिले नव्हते, असं फिरिश्ता म्हणतो. तटाला खिंडारं पडली. राजा वेष पालटून, राजाचाच वकील म्हणवत सुलतानापुढे गेला आणि तिथे आपलंच पागोटं गळ्यात अडकवून त्याने ओळख दिली. जीव वाचला. बेळगाव गवानच्या जहागिरीत गेलं.

खिंडारं पडलेला तो तट आज दिसतो तो नव्हे. आदिलशाहीत, १५३० च्या सुमारास याकूब अली खानाने तट पायापासून बांधून काढला, असं फारसी लेखात म्हटलं आहे. त्याआधीच, १५१९ मध्ये, असदखान लारीने आत सफा मशीद बांधली होती. तिचे कोरीव खांब जुन्या देवळांचे आहेत. राज्य बदललं तरी घडवलेला दगड टाकून कोण देतो?

औरंगजेबाने गावाचं नाव आझमनगर केलं, ते फार टिकलं नाही. सावनूरचे नवाब, पेशवे, मध्ये थोडा काळ हैदर अली, असे धनी बदलत गेले. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी थॉमस मन्रोच्या तोफांपुढे पेशव्यांच्या शिबंदीने साधारण तीन आठवडे किल्ला लढवला आणि एप्रिलमध्ये खाली करून दिला.

इंग्रजांनी पश्चिमेला कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वसवला आणि तटाचं काम संपलं. समुद्राशी नातं मात्र राहिलं: पलटणींचं सामान वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून आंबोली घाटाने वर येई. १८८० च्या दशकात रेल्वे आली, तशी ती वाटही मागे पडली. आज किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे. बस्ती, मशीद आणि रामकृष्ण आश्रम पाहायला लोक जातात. खंदकाकडे सहसा कुणी वाकून बघत नाही.